देवाच्या रानाकाठची रेघ

सोमा,

घरून काम करायला आलोय असं तू म्हणालास, तेव्हाच मला संशय आला होता. आमच्या वाडीत रेंज नाही. फोन लावायचा तर गोठ्यामागच्या खडकावर चढावं लागतं. हैदराबादची नोकरी असलेला माणूस कॉम्प्युटर घेऊन कुंभारवाड्याच्या रानात कामाला येतो, हे कुणाला खरं वाटेल? तुझे भावोजी म्हणाले, "आला हाय तर र्‍हाऊ दे. सख्खा भाऊ हाय तुजा, पोलिस न्हवं." मी चुलीवर तांदूळ वाढवून टाकले आणि तू जेवताना तुझ्याकडे बघत राहिले. नोकरी गेली असेल, असं वाटलं. नाहीतर कुणा बाईचं काहीतरी. विचारलं नाही. विचारणं मला जमत नाही, बघत राहणं जमतं.

चार माणसं जमली की मी आत जाते, हे तुला माहीत आहे. तू गेल्यावर घरात इतकी माणसं आली की मी आतच राहिले. तुझ्याबद्दल सगळे बोलले, मी नाही बोलले. म्हणून हे लिहायला बसले आहे. चौथीपर्यंतचं शिकलेलं पुरतं का बघू. कुणाला दाखवायचं नाही.

लहानपणी मी तुला एकदा फसवलं होतं, आठवतं? आपल्या माळाच्या टोकावर उभं राहून हाक मारली की समोरच्या डोंगरातून हाक परत यायची. तू विचारलंस, तिकडं कोण आहे. मी म्हटलं, एक माणूस राहतो, तुझ्यासारखाच, त्याचं नाव पण सोमाच. तू ओढा उतरून एकटा गेलास. सगळे शोधायला लागलो तेव्हा परत आलास, पायांना काटे लागलेले, आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणालास, "आक्का, तिकडं कोण न्हाई. नुस्ता कडा हाय." त्यानंतर कितीतरी दिवस तू माझं काहीच खरं मानत नव्हतास. भात वाढला तरी बोटाने उकरून बघायचास.

तुझं पुढचं सगळं शिक्षण म्हणजे तीच गोष्ट होती असं तूच म्हणायचास. तेलाच्या कंपनीत तू जमिनीच्या पोटाची चित्रं काढायचास. वरून दणका द्यायचा, खालून परत येणारा थरथराट ऐकायचा, आणि कुठे काय आहे ते कॉम्प्युटरने काढायचं. आणि त्यातलं तुझं काम एवढंच की, परत आलेल्या हाकांतून माणूस कोण आणि कडा कोण ते वेगळं करायचं.

मग ती सरकारी ऑफिसची माणसं आली.

त्याच्या आदल्या पावसात ओढ्यापलीकडच्या वाडीवरचा डोंगर सुटला होता. एक गोठा गेला, माणसं वाचली. आमची पाच घरंही तशाच उतारावर, म्हणून भात कापून झाल्यावर तपासायला आले. तारा आणल्या, खुंट्या आणल्या, एक जाड लोखंडी पाट आणि घण. आमच्या अंगणापासून वर चढणीला तार पसरली आणि तिला ओळीने खुंट्या जोडून जमिनीत रोवल्या. खुंटीला वर डबीएवढं डोकं, खाली लोखंडी टोक. ते लोक तिला जिओफोन म्हणत होते. तू म्हणालास, हे जमिनीला लावलेले कान.

वाडीतली सगळी माणसं जमली होती. कुणी म्हणालं, मॅंगनीज बघतायत. कुणी म्हणालं, वाघासाठी आम्हाला उठवायचं आहे, डोंगराचं नुसतं निमित्त. मी दाराच्या आडून ऐकत होते आणि मला दोन्ही खरं वाटत होतं.

तार चढत चढत देवाच्या रानापाशी पोचली. तिथे गावकार मामा उभे होते, धोतर खोचून. वाडीच्या देवाचं सगळं तेच बघतात.

"लोखंड आत जायाचं न्हाई."

त्यांचे साहेब म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे, आजोबा. काही तोडणार नाही."

"कोयतीसुद्धा आमी भायेर ठेवून जातो. कोयती अडकवायचा कमरेचा आकडा काढून ठेवतो. तुमची खुंटी काय देवाची पाव्हणी हाय?"

माणसं हसली. साहेबही हसले, पण तार तिथेच थांबली. रानाच्या काठावर शेवटची खुंटी रोवली आणि तिथून खाली घण मारत आले. माझ्या फळीवरची भांडी प्रत्येक घणाला किणकिणत होती.

पुढे कधीतरी चित्र आलं. रंगीत, लाल निळं. गावकारांच्या पडवीत पसरलं होतं. मी बायकांच्या मागून बघितलं. देवाच्या रानाच्या काठापासून एक काळी रेघ तिरकी उतरत होती, उतरत उतरत बरोबर आमच्या पाच घरांच्या खाली. साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं. भेग असू शकते, माती तिच्यावरून घसरू शकते, पाच घरं हलवावी लागतील. कुठे? रामनगरकडे जागा बघता येईल म्हणाले. तुझे भावोजी एवढंच म्हणाले, "आमची मुडली तितल्या मातीत व्हनार न्हाई." साहेबांना मुडली म्हणजे काय ते कळलं नाही. मुडलीचा कंद दाखवला तर म्हणाले, हो हो, बटाट्यासारखं.

तेव्हा तू पुढे झालास. म्हणालास, "साहेब, ही रेघ काठाची वाटते. जिथं तुमची तार संपली तिथंच ती सुरू होते." साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, तुम्हाला येतं तर करून दाखवा, आम्हालाही कुणाला उठवायची हौस नाही.

तू बसलास. हैदराबादला तुझ्याबरोबर काम केलेली धारवाडची वीणा मदतीला आली. मोठ्या कॉम्प्युटरवर काहीबाही चालवून आणायला ती धारवाडला जायची आणि परत यायची. आणि मग तुम्ही दोघांनी नवं चित्र आणलं, त्यात रेघ नव्हती, नुसता सलग, वाकलेला दगड होता. गावकार मामांनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. साहेबांनी कागदावर लिहिलं की तूर्त हलवायची गरज नाही, पावसात लक्ष ठेवावं.

सगळ्यांनी गूळ खाल्ला. मी हातात धरून ठेवला. घरी आल्यावर तुला विचारलं, "रेघ गेली कुठं?"

"ती नव्हतीच."

"परवा हुती. मी माझ्या डोळ्यांनी बगितली. आता न्हाई. म्हंजे तू पुसलीस."

तू हसलास आणि मला खालच्या शेताकडे घेऊन गेलास. वायंगणाच्या, उन्हाळी भाताच्या लावणीसाठी पाणी भरून ठेवलं होतं. तू खिशातली सुपारी मधोमध टाकलीस. लाट गोल गोल पसरली, बांधाला लागली आणि परत आली. येणाऱ्या लाटा एकमेकींत घुसल्या, पाण्यावर नुसत्या रेघाच रेघा.

"कॉम्प्युटरमधल्या जमिनीला असाच चारी बाजूंनी बांध असतो, आक्का. त्याला पुढची जमीन ठाऊकच न्हाई. लाट तिथवर गेली की आपटून परत येते, आणि त्याला वाटतं, खालून कायतरी आलं. मग तो तिथं रेघ काढतो. खऱ्या डोंगराला बांध हाय का? लाट जाते ती जाते."

मग तू माझ्या रोपांची एक जुडी सोडलीस आणि बांधाच्या कडेला पाण्यात खोचायला लागलास.

"रोपं काय तुझ्या बापाची हायत?"

"माझ्या बापाची म्हंजे तुझ्याच बापाची की."

तू आधी विरळ लावलीस, मग जरा जवळ जवळ, बांधापाशी अगदी दाट. पुन्हा सुपारी टाकलीस. त्या बाजूला लाट गेली, रोपांत शिरली, हलली, दमली आणि विरली. परत आली नाही. तुम्ही कॉम्प्युटरमध्ये हेच करता म्हणालास, काठाला असा पट्टा लावायचा की लाट त्यात हळूहळू मरते. मी विचारलं, मग सगळीकडेच दाट का नाही लावायची? म्हणालास, एकदम दाट लावली तर लाट त्या दाटीवरच आपटून परत येते. आणि माझ्याकडे तिरकं बघून म्हणालास, "तू न्हाईस का तशी. एकदम समोर आलं की मानसाला उलटं धाडतेस. हळूहळू आलं तर जागा देतेस."

मला हसू आलं होतं. पण मी हसले नाही, कारण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. म्हटलं, "सोमा, तुझ्या रोपांत खोटी लाट मेली. खरी लाट शिरली तर ती पन मरंल की."

तू पाण्यातून सुपारी काढून पुसलीस. मग म्हणालास, "बरोबर विचारलंस." काठाजवळचं खरंही थोडं जातं, म्हणून काठ आपल्याला जे बघायचं आहे त्याच्यापासून लांब पाहिजे. आणि ओळखायची एक रीत आहे. काठ हलवायचा. रेघ काठाबरोबर हलली तर ती काठाची. जागची हलली नाही तर ती जमिनीची.

"मग हलव."

"कुठं हलवू? वर देवाचं रान. खुंटीला लोखंड. गावकार मामा मलाच रोवतील." 

"कॉम्प्युटरमदी हलव."

"पुढची जमीन मी ऐकलेली न्हाई, आक्का. तितं माझ्या अंदाजाची माती भरली तर माझा अंदाजच परत येनार."

आपलं भांडण तिथे अडलं. पुढे पावसाळाभर तिथेच अडलेलं राहिलं. तू म्हणायचास रेघ खोटी, मी म्हणायचे दाखव. तू आमच्या वाडीवर माया करणारा माणूस. पाच घरं उठू नयेत असं तुला मनापासून वाटत होतं. मनापासून वाटतं तेव्हा माणसाचा हात कुठे वळतो, हे मला माहीत आहे. ताटातला मोठा तुकडा आपल्या पोराकडे आपोआप सरकतो. मग रेघ का नाही सरकणार?

त्यात तू रोज संध्याकाळी गावकारांकडे जायला लागलास. तुम्ही दोघं पडवीत हळू बोलत असायचात. मी त्यांच्या घरी ताक द्यायला गेले की बोलणं थांबायचं. मामा म्हणायचे, "ये गो, बस." मला बसायचं नसायचंच, पण थांबलेलं बोलणं मी उचलून घरी आणायचे आणि भाकरी थापताना त्याचा अर्थ लावत बसायचे. मला पक्कं वाटलं की तुम्ही दोघांनी मिळून ती रेघ पुसली आहे आणि आता जपताय.

एकदा तू गोळ्या आणायला म्हणून दांडेलीला गेलास. कसल्या गोळ्या, तर पित्ताच्या. परत आलास तो जड पिशवी घेऊन. खाटेखाली सरकवलीस तेव्हा ती खणखणली. मी मनात म्हटलं, बाटल्या. आता कळलं गडी नोकरी सोडून का आला. तुझं तोंड तेव्हा पिवळं दिसायचं, जेवण उतरलं होतं, जिना चढल्यासारखा धापा टाकायचास. सगळं जुळत होतं. मी तुला भिरंडाच्या आमसुलांचं सार करून द्यायचे आणि तोंडाचा वास घ्यायचे. वास कधी आला नाही. मला वाटलं, लबाड आहे, वेलची खात असेल.

गोठ्याची भेग आठवते? जमिनीला, गव्हाणीपासून दारापर्यंत, केसासारखी. शेणाने सारवली की बुजायची आणि वाळल्यावर पुन्हा दिसायची. मी तुला दाखवली. तू हसण्यावारी नेली नाहीस, एवढं खरं. तू तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवलीस. जमीन सरकली तर काच तुटेल, रोज बघत जा म्हणालास. मी रोज बघत होते. दूध काढायच्या आधी काच, मग गाय.

आषाढात, पाऊस लागून राहिला होता तेव्हा, एका सकाळी काच तुटलेली दिसली.

यांना हाक मारली. हे आले, वाकून बघितलं, म्हणाले, "वासरू. रात्री दावं सुटलेलं हुतं."

"वासराला बगितलं कुनी लाथ मारताना?"

"मग डोंगराला बगितलंस काय?"

तू छत्री न घेताच आलास. काचेचे तुकडे बघितलेस, वासराचा पाय बघितलास, शेणातला खुराचा ठसा बघितलास. म्हणालास, वासरूच. आणि माझ्याकडे न बघता, तोंड भिंतीकडे करून, गोठ्याच्या पायरीवर बसलास. भिंतीला हात टेकून. कितीतरी वेळ.

मी ते बघितलं. माझा भाऊ माझ्या डोळ्यांत बघून "वासरू" म्हणू शकला नाही. मला आणखी काय पाहिजे होतं? मी म्हटलं, "सोमा, पोरीला घेऊन जोयड्याला जाऊ का? खरं सांग. रेघ हाय का न्हाई?"

तू भिंतीकडे बघतच म्हणालास, "जायचं तर जा, आक्का. भीती खोटी म्हनत न्हाई मी. रेघ खोटी म्हनतोय."

मी गेले नाही. हे येणार नव्हते, गाय कुठे न्यायची, आणि पोरीची शाळा. तू नवी काच लावलीस आणि तिच्यावर फळी ठेवलीस, वासरापासून आडोसा म्हणून. पण त्या दिवसापासून मी तुझ्याशी कमी बोलायला लागले. वाढायचे, विचारायचे नाही. आणि तूही कमी बोलायला लागलास. मला वाटलं, खोटं पोटात असलं की माणूस असाच होतो.

नवरात्राच्या आधी तू धारवाडला गेलास, चित्राचं काम आहे म्हणून. वीणाचा फोन आला तो यांना, खडकावर. हे खडकावरून उतरताना मी त्यांच्या चालण्यावरूनच ओळखलं. विचारलं नाही.

बाराव्याला वीणा आली. ती आत माझ्याजवळ येऊन बसली, चुलीपाशी. बाहेर माणसं बोलत होती. ती म्हणाली, "अक्का, ते तुम्हाला काहीच बोलले नव्हते का?" मी मान हलवली. मग तिने सांगितलं. आजार रक्ताचा होता. हैदराबादलाच कळला होता. डॉक्टरांनी जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं होतं, म्हणून तू नोकरी सोडून इकडे आलास. दांडेलीला जायचास ते रक्त तपासायला. पित्त वगैरे काही नव्हतं.

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुढे सारलं. एवढे संशय घेतले तुझ्यावर. नोकरी, बाई, दारू, गावकार, रेघ. रक्ताचा घेतला नाही.

तेवढ्यात वीणाने खाटेखालची पिशवी ओढली. मला लाज वाटली, परक्या पोरीसमोर बाटल्या निघणार म्हणून. मी तिचा हात धरला. ती तिच्या धारवाडी मराठीत म्हणाली, "ह्याच्यासाठीच आले री मी." पिशवीतून निघाल्या खुंट्या. नुसती टोकं. पितळेची. एकेक टोक वेगळं कातलेलं, वर आटे पाडलेले, घासून पिवळं धमक. दांडेलीत एका लेथवाल्याकडून तू करून घेतली होतीस.

मी गावकार मामांना आत बोलावलं. मी कुणाला आत बोलावत नाही, म्हणून तेही घाबरून आले. खुंट्या बघितल्या आणि खालीच बसले.

"त्यानं कौल मागितला हुता," म्हणाले. "देवाला इचारलं, रानात खुंट्या लावू का. पाकळी डावी पडली, म्हंजे न्हाई. पुन्ना आला. म्हनला, मामा, पितळेच्या लावल्या तर? समईला चालतं, घंटेला चालतं, मग खुंटीला का न्हाई? मी म्हनलं, तू लई वकील झालास. पन फुलं लावली. उजवी पडली."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

मामा थोडे हसले. "तो म्हनायचा, आमच्या आक्काला तोंडानं सांगून उपेग न्हाई. दाखवायला पायजे. तोवर गप र्‍हावा."

देवाने फक्त ऐकायला परवानगी दिली होती, ठोकायला नाही. घण रानाच्या बाहेरच. म्हणून अलीकडे आमच्या बाजूला आणि पलीकडे ओढ्याच्या बाजूला असे दोन्हीकडून दणके द्यायचे आणि रानात नुसते कान ठेवायचे, असं तू ठरवून ठेवलं होतंस. भात कापून झाल्यावर वीणा माणसं घेऊन आली. आत जाणाऱ्यांनी चपला काढल्या, किल्ल्या काढल्या, एकाने कमरेचा पट्टा काढला आणि पँट हाताने धरून आत गेला. मामा स्वतः पुढे होते. आम्ही बायका रानात जात नाही, मी काठावर उभी राहिले, साहेबांची जुनी शेवटची खुंटी होती तिथेच. तार झाडांत शिरताना बघितली. पुढे दिसेनाशी झाली. पलीकडून घणाचा आवाज यायला लागला, लांबून, आणि माझ्या तळपायांना जरा उशिरा काहीतरी लागल्यासारखं वाटलं. कदाचित वाटलं असेल नुसतं.

वीणा धारवाडहून चित्र घेऊन परत आली तेव्हा मी तिला पडवीत बसू दिलं नाही, आत बोलावलं. कॉम्प्युटर पाटावर ठेवला. ती चित्र उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "रोपं लावायच्या आधीचं दाखव."

तिला कळलं नाही. मग कळलं. "त्यांनी तुम्हाला रोपं लावून दाखवलं?" आणि तोंड बाजूला करून डोळे पुसले. आधीचं, काठाला काही न लावलेलं चित्र तिने उघडलं.

रेघ होती, सोमा. तीच, तशीच तिरकी, काळी. पण आमच्या घरांखाली नव्हती. देवाच्या रानाच्या काठालाही नव्हती. ती रान ओलांडून पलीकडे गेली होती, जिथे आता तार संपत होती तिथे, ओढ्याच्या वर, जिथे कुर्ल्या-खेकड्यांशिवाय कुणी राहत नाही. जुन्या काठाखाली नुसता दगड, सलग, तुझ्या चित्रात होता तसाच वाकलेला. मी विचारलं, "हा तोच दगड?" ती म्हणाली, "तोच री. जागेवर आहे." मग तिने पट्टा लावलेलं चित्र दाखवलं. ओढ्याकडची रेघ गेली, दगड राहिला.

मी तिला दोन्ही चित्रं पुन्हा पुन्हा दाखवायला लावली. ती कंटाळली नाही. शेवटी म्हणाली, वरची माती वेगळी, तिचं हे चित्र सांगत नाही, पावसाचं पाणी घरामागून चर खणून काढून द्या. हे तूही सांगितलं होतंस. यांनी चर खणायला घेतला आहे.

मी संशय घेतला ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं. पाच घरांची माणसं झोपतात त्या जमिनीबद्दल कुणीतरी विचारायला पाहिजे होतं, सगळ्यांनी गूळ खाऊन चालणार नव्हतं. पण एक राहून गेलं आहे. त्या सकाळी गोठ्याच्या पायरीवर तू तोंड फिरवलंस, तेव्हा काहीतरी लपवत होतास, हे मी बरोबर ओळखलं होतं. कुठून आलं ते मात्र चुकीचं लावलं. मला वाटलं, ते जमिनीतून आलं. ते तुझ्यातून आलं होतं. तुला चक्कर आली होती, आणि आक्काला दिसू नये म्हणून तू भिंत धरून बसलास, आणि मी समोर उभी राहून तुला रेघेचं विचारत होते.

वासरू तू खरं सांगितलंस. रेघेचंही खरं सांगितलंस. पित्त खोटं सांगितलंस. त्याचा राग मला अजून आहे आणि तो एवढ्यात जाणार नाही. एवढी पितळेची टोकं करवून आणलीस, देवाला दोनदा विचारलंस, आणि मला एकदा सांगता आलं नाही? की तुला वाटलं, मी त्यावरही म्हणेन, दाखव? कधी वाटतं, तू हळूहळूच सांगणार होतास, विरळ विरळ, मला एकदम लागू नये म्हणून, आणि मध्येच वेळ संपला. कधी वाटतं, नाही, सांगणारच नव्हतास. हे कुणाला विचारायचं? वीणाला विचारलं, तिला माहीत नाही.

एक खुंटी मी मागून घेतली. मामांनी देवाला विचारून दिली. फळीवर समईशेजारी आहे. समई चिंचेने घासते तेव्हा तीही घासते. आमची पोर विचारते, सोमामामाने ही कशाला केली. मी सांगितलं, मला पटवायला. तिने विचारलं, मग पटलं?

पटलं. पण चर झाला, चित्र आलं, तरी दूध काढायच्या आधी मी गोठ्यातली काचेवरची फळी उचलतेच. हे हसतात. तू हसला नसतास. आज सकाळीही उचलली. काच आहे.